पलीकडच्या देवघरातला खडा

३ मार्च, सोमवार

शाउरेमे परत यायला निघाला आहे. पण माझ्याकडे नाही. पलीकडे.

ही बातमी मला माझ्या मुलानं, एवारिस्तोनं, भाकरी खाता खाता सांगितली. कुणाची शेळी व्याली हे सांगावं तशी. पलीकडे म्हणजे दरीच्या त्या अंगाला, जिथं उत्सिमा राहते. उत्सिमा माझ्या नवऱ्याची, शाउरेमेची, दुसरी बायको. तिची मुलगी युआविमा आठ दिवस तापानं फणफणली आहे, खोकला थांबत नाही. गाणारे बाबा, तिबुर्सिओ, तिथं रात्रभर गायले. पिसांची काडी तिच्या अंगावरून फिरवली आणि सकाळी म्हणाले, "हा नुसता ताप नव्हे. हिचा बाप आलाय. त्याला घरी यायचंय."

माणूस गेल्यावर पाच वर्षांनी असं होतं. ज्याला घरच्यांची ओढ असते तो सूर्याच्या मुलखातून खाली येतो. मक्याच्या दाण्याएवढा स्फटिकाचा खडा होऊन येतो आणि आपल्या माणसांच्या देवघरात राहतो. पण येण्याआधी तो कळवतो. ज्याच्याकडे यायचं असेल त्याला आजारी पाडतो.

या महिन्यात पाच वर्षं होतील. मी दिवस मोजत होते. मला त्यानं साधी डोकेदुखी पाठवली नाही.

५ मार्च

कालपासून हातात काम टिकत नाही. मण्यांची वाटी करायला घेतली, मेणावर एक ओळ बसवली आणि सगळी खरवडून काढली.

बावीस वर्षं तो माझ्या एकटीचा होता. मग एका सणाला नाचता नाचता त्याला उत्सिमा दिसली. आमच्यात दोन बायका करणं नवीन नाही. माझ्या आजीला तर दोन सवती होत्या आणि तिघी मिळून आजोबांना शिव्या द्यायच्या. त्यानं मला विचारलंही होतं. मी 'हो' म्हटलं. त्या 'हो'चं वजन किती असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ठरलं होतं, पाच दिवस इकडे, पाच दिवस तिकडे. नंतर पाच इकडे आणि आठ तिकडे झाले. तो त्याबद्दल बोलायचा नाही, पण दरीत उतरणाऱ्या पायवाटेवरचं गवत मला सगळं सांगायचं. त्या वाटेवर गवत उगवूच शकलं नाही.

मग तो तंबाखूच्या हंगामात किनाऱ्यावर मजुरीला गेला आणि तिथंच गेला. डोकं दुखतं म्हणून पानांच्या ढिगाशेजारी आडवा झाला, तो उठलाच नाही. आता त्या वाटेवर गुडघाभर गवत आहे.

आज पाणी घेऊन चढताना तीनदा थांबावं लागलं. घागर नवीन आहे, जड असेल.

८ मार्च, शनिवार

आज मी खोटं बोलले, आणि तेही गाणाऱ्या बाबांशी.

सकाळी त्यांच्या घरी गेले. ते वेताच्या खुर्चीत ऊन खात बसले होते. म्हणाले, "ये पोरी. काय होतंय?" मी बावन्न वर्षांची आहे, पण त्यांना सगळ्याच बायका पोरी.

"पोटात दुखतं, बाबा."

"कुठं?"

"इथं." मी उजवीकडे हात ठेवला.

त्यांनी तिथं तोंड लावून दुखणं ओढलं, थुंकले, थुंकीत बोटानं चाचपलं. "आता?"

"आता इकडं सरकलंय." मी डावीकडे दाखवलं.

"मोठं हुशार दुखणं आहे. कुणी आलं की घर बदलतं. तुझ्या नवऱ्यावरच गेलंय."

आत त्यांची बायको मका वाटत होती, ती फिस्सकन हसली.

मी मग म्हटलं, "शाउरेमे माझ्या स्वप्नात पण येतो."

"काय म्हणतो?"

याची तयारी मी केली नव्हती. "काही नाही म्हणत. उभा राहतो."

"गप्प उभा राहतो?" बाबांनी एक डोळा बारीक केला. "मग दुसरा कुणीतरी असेल. शाउरेमे मेल्यावर पण गप्प राहायचा नाही."

मी उठायला लागले तेव्हा त्यांनी मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. म्हणाले, "लोकांच्या अंगातून मी कोळसा काढलाय, दाणे काढलेत, एकदा तर सरड्याचं शेपूट काढलं. तुझ्यातून काहीच निघत नाही."

"म्हणजे मी बरी आहे?"

"असं मी कुठं म्हटलं?"

परतताना वाटेत एका दगडावर बसले आणि रडले. लाजेनं नाही. त्यानं मला एवढंही दिलं नाही म्हणून.

११ मार्च

उत्सिमा आली होती. दवाखान्यातून गोळ्यांचं पाकीट आणलंय तिनं. तिथली नर्स भराभर बोलते, ते हिला कळलं नाही. या वाडीत चष्मा लावून वाचणारी बाई मी एकटीच. एवारिस्तो शाळेत जायचा तेव्हा त्याच्या मागं बसून मी अक्षरं उचलली. मग पिठाच्या पोत्यावरचं, बियाण्याच्या पुडीवरचं, निवडणुकीच्या कागदावरचं वाचत गेले. मास्तर बदली होऊन गेले तेव्हा एक भूगोलाचं पुस्तक आणि ही वही टाकून गेले. पुस्तकाची पहिली चाळीस पानं उंदरांनी खाल्लीत. त्यामुळं मला नाईल नदी कुठून कुठं जाते ते माहीत आहे, पण पृथ्वी गोल का आहे ते माहीत नाही.

"आक्का, एवढं वाचून दे गं," ती दारातूनच म्हणाली.

मी तिला बस म्हटलं नाही. पाकीट हातात घेतलं आणि तेवढ्यात तिच्या कानातले मणी दिसले. निळे, आत लाल ठिपका असलेले. असे मणी तेपिक शहरातल्या एका दुकानातच मिळतात. तिथून त्यानं मला सुया आणल्या होत्या.

"दर आठ तासांनी एक गोळी," मी वाचलं.

"आणि खाली?"

खाली अजून तीन ओळी होत्या, बारीक. "खाली कारखान्याचा पत्ता आहे," असं म्हणून मी पाकीट परत दिलं.

ती गेल्यावर लक्षात आलं, तिनं माझ्यासाठी अंडी आणली होती. चार. चुलीच्या कट्ट्यावर ठेवून गेली, न सांगता.

१६ मार्च, रविवार

पोरीचा ताप उतरला. आज सगळे तिबुर्सिओ बाबांच्या अंगणात जमलो. बाबांनी सांगितलं, "शाउरेमेनं कळवलं ते आपण ऐकलं, म्हणून पोर बरी होतेय. आता त्याला आणायचा. आधी हरीण पाहिजे. हरणाचं रक्त लागल्याशिवाय खडा हातात येत नाही. उद्यापासून घरच्या सगळ्यांनी मीठ सोडायचं. बायका, पुरुष, सगळ्यांनी. हरीण पडेपर्यंत."

मी विचारलं, "आणि तो राहणार कुठं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, जसं मी सूर्य कुठून उगवतो असं विचारलंय.

"जिथं हाक मारली तिथं," बाबा म्हणाले. "उत्सिमाच्या देवघरात."

"पहिलं घर माझं आहे."

एवारिस्तो हळूच म्हणाला, "आई, खड्याला घर असतं. खड्याला बायको नसते."

"तुला काय कळतं? तुझी बायको एकच आहे."

"एकच झेपेना," तो म्हणाला, आणि सगळं अंगण हसलं. उत्सिमा हसली नाही. ती आगीकडे, आजोबा अग्नीकडे बघत होती. एवढं मिळूनही हिचा चेहरा असा का, ते मला कळलं नाही. गर्व असा पण असतो, वरून उदास दिसणारा.

मग बाबांनी कामं वाटली. खडा गुंडाळायचा कपडा विणायचं काम मला दिलं. "तुझ्यासारखा हात कुणाचा नाही," म्हणाले.

म्हणजे त्यानं निजायचं माझ्या कपड्यात, आणि राहायचं तिच्या घरात.

२१ मार्च

माग झाडाला बांधला, दुसरं टोक कमरेला. परकराची नाडी आता दोन वेढे जास्त घेते, त्यामुळं पट्टा घसरतो. मध्ये उठून घट्ट करावा लागतो.

कपडा तळहाताएवढाच. त्याच्यात काय विणावं? हरीण सगळेच विणतात. मी मका विणायला घेतला, मग वाटलं, मका तिच्या मुलीच्या नावात आहे. उसवला. मग पावसाळ्यात डोंगरावर येणारं ते पांढरं फूल घेतलं. आमचं लग्न झालं त्या वर्षी त्यानं ते माझ्या टोपलीत भरून आणलं होतं, आणि मी म्हटलं होतं, "हे शिजवून खायचं का?" तो हसला होता. सगळ्यांत माझं हे बोलणं त्याच्या लक्षात राहिलं होतं. तिकडे गेल्यावर तिला सांगितलं असेल का? सांगितलं असेलच. दोघं हसले असतील.

बिनमिठाचा घेवडा गळ्याखाली उतरत नाही.

२३ मार्च, रविवार

लिहायचं तर खरं लिहावं.

दुपारी कपडा संपत आला होता. वारा पलीकडून होता. उत्सिमा सणाच्या दारूसाठी मका वाटत होती, दगडाचा आवाज इथपर्यंत येत होता, आणि मध्येच पोरीचं हसणं. पोर बरी झाली, घर भरलेलं, आता नवराही येणार. मी चुलीवर निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी टाकली होती. मिठाचा डबा फडताळात वरच्या कप्प्यावर, कापडानं बांधलेला. मी स्टूल घेतलं. कापड सोडलं. चिमूट घेतली.

विसरून नाही. सवयीनं नाही. मला माहीत होतं की एका माणसानं मीठ खाल्लं की सगळ्यांचा उपास तुटतो, आणि हरणाला ते वासानं कळतं. हरीण आमचा थोरला भाऊ, त्याला फसवता येत नाही. आणि हरीण नाही तर खडा नाही.

माझ्याकडे येत नसेल तर कुठंच येऊ नये, असं मला वाटलं.

भाजी फार चविष्ट झाली होती. सगळी खाल्ली.

२८ मार्च, शुक्रवार

फासे लावायला लागून पाच दिवस झाले, हरीण नाही. एवारिस्तो आणि इतर चौघं पहाटे निघतात, फासे लावतात, दिवसभर बिनमिठाच्या भाकरीवर डोंगर तुडवतात. काल एक नर फाशाजवळ आला, थांबला, आणि फासा ओलांडून गेला. एवारिस्तो म्हणाला, "आई, त्यानं माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी घाण केल्यासारखं."

त्याचे पाय फुटलेत. मी तेल लावून दिलं. त्यानं विचारलं, "कुणी खाल्लं असेल गं?"

"मला काय माहीत?"

"लोक उत्सिमाचं नाव घेतात."

मी तेल लावत राहिले.

आणि पोरीला परत ताप आलाय. पहिल्यापेक्षा जास्त. गोळ्या? उत्सिमानं ताप उतरला तेव्हाच थांबवल्या होत्या, उरलेल्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवल्यात. कशाला द्यायच्या बऱ्या पोरीला. मीही तेच केलं असतं. गोळ्यांचा प्रश्नच नाही. हे माझ्या चिमटीचं आहे, मला माहीत आहे.

३० मार्च, रविवार

आज उत्सिमा आली. भर उन्हात, दरी चढून. तिचा चेहरा पाहून मला वाटलं पोर गेली.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "आक्का, पाणी दे."

या वेळी मी तिला बसवलं. ती पाणी प्यायली आणि खाली बघून म्हणाली, "हरीण माझ्यामुळं येत नाही."

"तू मीठ खाल्लंस?"

"नाही. पण मला तो नकोय."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"शाउरेमे. मला तो परत नकोय. मी रोज आजोबा अग्नीसमोर हात जोडून म्हणते, येऊ दे, येऊ दे, आणि आतून म्हणते, नको येऊ. खडा एकदा घरात आला की दर वर्षी त्याला रक्त दाखवायचं, जेवू घालायचं. घर सोडता येत नाही. आणि आक्का, तेपिकमध्ये एक जण आहे. गवंडी आहे, आपल्यातलाच. दोन वर्षं थांबलाय."

"शाउरेमेसारखा माणूस सोडून?"

"तुला कुठला शाउरेमे मिळाला होता मला माहीत नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे आला तो आठ दिवसांतले सहा दिवस प्यायचा. आणि प्यायला की तुझं नाव घेऊन रडायचा. हाकाइमाची भाकरी अशी, हाकाइमाचं विणकाम असं. मी एकोणीस वर्षांची होते. माझ्या हातचं काही त्याला आवडायचंच नाही."

मी एवढंच विचारलं, "मग तिकडे आठ दिवस का राहायचा?"

"उतरेपर्यंत. तुझ्यासमोर त्याला तसं यायचं नव्हतं."

ती खोटं बोलते, असं मला आधी वाटलं. अजूनही थोडं वाटतं. माझी समजूत काढायला बोलली असेल. ज्याला मी पाच वर्षं मागते आहे तो हिला न मागता मिळतोय, आणि ही तोंड फिरवते. मला तिचा एवढा राग आधी कधी आला नव्हता.

जाताना म्हणाली, "उद्या सगळ्यांसमोर सांगते, मीठ मीच खाल्लं. नाहीतरी लोक म्हणतातच. कुणीतरी आगीसमोर बोललं की हरीण येईल, पोर वाचेल." मग माझ्याकडे बघून, "आक्का, किती वाळलीस गं तू. खात जा काहीतरी."

तिला सांगू द्यावं. ती नाहीतरी जाणार आहे तेपिकला. तिचं काय जाईल? वाडीत राहायचंय ते मला.

हे वाक्य लिहिलं आणि परत वाचलं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी त्या बाईशी बोलले नसते.

३१ मार्च, सोमवार

सकाळी अंगणात आग पेटली होती. सगळे बसले. उत्सिमा उठायला लागली, तेव्हा मी तिचा परकर धरून खाली ओढलं. ती धपकन बसली. मी उभी राहिले.

"मीठ मी खाल्लं," मी म्हटलं.

लाकूड तडतडलं.

तिबुर्सिओ बाबांनी विचारलं, "चुकून?"

"नाही."

"किती?"

"एक चिमूट. भाजीत."

"का?"

आगीसमोर खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "तो तिच्याकडे चालला होता म्हणून."

एवारिस्तोनं मान खाली घातली. त्याच्या फुटलेल्या टाचा मला दिसत होत्या. दरडीवरून एकदा पाय घसरला होता त्याचा, ते मला आज कुणीतरी सांगितलं. त्यानं सांगितलं नव्हतं.

बाबांनी मला दोरी दिली. मी माझ्या चुकीची गाठ मारली. नेहमी यात्रेला जाताना लोक आपली चोरटी प्रेमं आगीसमोर सांगतात, एकेकाची गाठ मारतात आणि सगळे हसतात, चिडवतात. कुणी चिडायचं नसतं, हेवा करायचा नसतो, असा नियम आहे. माझी गाठ बघून कुणी हसेना. शेवटी बाबांची बायको म्हणाली, "एवढ्या वर्षांत या बाईची एकच गाठ, आणि तीपण मिठाची!" मग उत्सिमा हसायला लागली. तोंडावर पदर धरून, थांबेचना. हसता हसता रडायला लागली. मी दोरी आगीत टाकली. जळायला वेळ लागला, लोकरीची होती.

नंतर मी तिच्याबरोबर पलीकडे गेले. पाच वर्षांत पहिल्यांदा. पोर चटईवर होती, डोळे खोल गेलेले. मला म्हणाली, "मोठी आई, तू पडलीस का? तोंड पांढरं झालंय तुझं." उत्सिमानं गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. या वेळी मी चष्मा पुसून सगळं वाचलं. दर आठ तासांनी एक. ताप उतरला तरी दहा दिवस पूर्ण. मध्ये थांबवू नये. खाली खरंच कारखान्याचा पत्ता होता.

"हे तेव्हा नव्हतं वाचलंस," उत्सिमा म्हणाली.

"अक्षर बारीक आहे."

मी दवाखान्यातून अजून एक पाकीट आणायला एवारिस्तोला पाठवलं. मला वाटलं तो जाणार नाही. गेला.

४ एप्रिल, शुक्रवार

हरीण पडलं. आज पहाटे, पहिल्याच फाशात. एवारिस्तो म्हणतो, स्वतःहून चालत आलं, मान खाली घालून. पोरीचा ताप कालच उतरला. आजोबा अग्नीनं माफ केलं म्हणायचं.

सगळ्यांनी एकदम मीठ खाल्लं. मी खाल्लं नाही. अजून काही दिवस नाही खाणार.

७ एप्रिल, सोमवार

खडा आला.

पहाटेच्या वेळी, गाणं आता थांबेल असं वाटत होतं तेव्हा. बाबांनी पिसांची काडी वर केली, आकाशात काहीतरी ढवळल्यासारखी फिरवली, खाली आणली आणि दुसऱ्या हातातल्या वाटीत टिचकी मारली. बारीक आवाज झाला. वाटीत तो होता. पारदर्शक, एका टोकाला थोडा धुरकट. मक्याचा दाणा मोठा म्हणावा.

बाबांनी त्याला हळू आवाजात विचारलं, कुठं राहणार. कान लावून ऐकलं. मी उत्सिमाकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत होती. मला वाटतं आम्ही दोघी एकच गोष्ट मागत होतो.

"इथंच," बाबा म्हणाले. इथं म्हणजे तिच्या घरी.

कपडा माझा, म्हणून गुंडाळायचंही मीच. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. गार होता. मी मनात म्हटलं, शाउरेमे, मी आहे. काही झालं नाही. पाच-सहा श्वास मी त्याला तसाच धरला. मग सगळे वाट बघत होते म्हणून हरणाचं रक्त लावलं, गुंडाळला, देवघरात ठेवायच्या बाणाला बांधला. गाठ घट्ट मारली. इतकी घट्ट की बाबा म्हणाले, "अगं, श्वास तरी घेऊ दे त्याला."

२ मे, शुक्रवार

उत्सिमा तेपिकला गेली. गवंडी न्यायला आला होता. बुटका आहे, टोपी हातात धरून उभा राहतो. मला आवडला, हे मी कुणाला सांगणार नाही.

युआविमा गेली नाही. बापानं ज्याच्या अंगातून हाक मारली त्यानं खड्याजवळ राहायचं असतं, आणि तिलाही जायचं नव्हतं. शाळा आहे, कुत्री व्याली आहे. खडा माझ्या घरी हलवता येईल का, म्हणून आम्ही बाबांना विचारायला लावलं होतं. ते गायले. तो 'नाही' म्हणाला.

"मग आक्का, तूच ये की इथं," उत्सिमा म्हणाली. मी म्हटलं, बघते. तिनं कानातले निळे मणी काढून माझ्या हातावर ठेवले. "हे मी घेतले होते. माझ्या पैशानं. कितीदा बघायचीस यांच्याकडे, म्हणून देते."

पिशवी, माग, वही आणि चष्मा घेऊन मी काल पलीकडे आले. गवत कापत कापत. माझ्या घराला बाहेरून काठी लावली. शेळ्या एवारिस्तोकडे.

तिची चूल माझ्यापेक्षा बुटकी आहे. सगळीकडे तिचा हात दिसतो. भांडी उलटी ठेवते. मी सुलटी केली. मग परत उलटी केली.

१९ मे, सोमवार

सतरा दिवस मी रोज सकाळी देवघर झाडते, त्याच्यापुढे भाकरी ठेवते, पाणी ठेवते, बोलते. शेताची राखण, एवारिस्तोच्या बायकोला दिवस गेलेत, मक्याचं बियाणं कुठलं घ्यावं, सगळं सांगते. तो गप्प. पोरीशी बोलत असेल, असं मनात येतंच. मग स्वतःला सांगते, हेवा करायचा नाही. मग परत येतं.

आज पोर उठली ती डोळे चोळत म्हणाली, "माझा बाबा आला होता स्वप्नात."

माझ्या हातात पिठाचा गोळा होता. मी तो थापायला घेतला. "कसा होता?"

"बसला होता. तिथं." तिनं दाराबाहेर, दरीच्या कडेला बोट दाखवलं. "आमच्याकडे पाठ करून."

"कुणाला शोधत होता का? आईला?"

"नाही. पलीकडे बघत होता. तुझ्या घराकडे."

भाकरी तव्यावर टाकली. हात भाजला. "काय म्हणाला?"

पोरीनं आठवून बघितलं. "म्हणाला, तिथं कुणी दिसत नाही."

पाच वर्षं मी त्या दारात बसून होते. रोज. तेव्हा नाही बघितलं त्यानं.

मी पोरीला जेवू घातलं, वेणी घातली, शाळेत पाठवलं. मग देवघरासमोर जाऊन उभी राहिले. काडेपेटी घेतली आणि दरी उतरले. चढताना चारदा बसले. दाराची काठी काढली, चूल झाडली, तीन लाकडं लावली, आणि ओला पाला टाकला, म्हणजे धूर जास्त होईल आणि पलीकडून त्याला दिसेल.

पोर शाळेतून यायच्या आत परत आले. उद्यापण जाईन.